वर्गात झोपणारं लेकरू आळशी नसतं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत सामाजिक कृती समितीच्या एका ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पुढच्या गट बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि त्यावर चर्चा करावी.)



आज विषयपत्रिकेवर परतफेड, ऑडिट, नवीन कर्ज मागणी असं बरंच होतं. ते सगळं झालं. आता अर्धा तास मला दिला आहे, तर मी एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर बोलणार आहे. शाळेत, अंगणवाडीत झोपणाऱ्या लेकरांवर. तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणतील, यात काय बोलायचं? लेकरू आहे, लागला डोळा तर लागला. खरं आहे. एखाद्या दिवशी लागला तर काहीच नाही. पण आठवड्यातून चार-चार दिवस लेकरू दप्तरावर डोकं ठेवून झोपत असेल, तर त्याचं काहीतरी बिनसलं आहे. ते त्याला सांगता येत नाही, म्हणून त्याचं शरीर सांगतं.

मी अंगणवाडीत बरीच वर्षं काम केलं. लेकरं झोपलेली मी रोज पाहिली आहेत. पहिली गोष्ट लक्षात ठेवा, तीन-चार वर्षांचं लेकरू दुपारी झोपलं तर तो दोष नाही, ती त्याची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी असं आहे. एक-दोन वर्षांच्या बाळाला ११ ते १४ तास. पुढे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना डॉक्टर ९ ते १२ तास सांगतात. म्हणजे पहिली-दुसरीतल्या लेकराला कमीत कमी नऊ तास, आणि दहा मिळाले तर फार बरं.

आता हिशेब करू. हिशेबात आपण पक्क्या आहोत. रात्री अकराला लेकरू झोपलं. सकाळी साडेपाचला उठवलं. किती झाले? साडेसहा तास. कमीत कमी नऊ पाहिजेत. म्हणजे रोज अडीच तास कमी पडले. सोमवार ते शनिवार सहा दिवस धरले, तर पंधरा तास. आपल्या गटात एखादीचे हप्ते असे थकले असते तर आपण दुसऱ्याच महिन्यात तिच्या घरी गेलो असतो ना? लेकराच्या झोपेची थकबाकी मात्र कुणी लिहून ठेवत नाही. मग ते लेकरू ती थकबाकी वर्गात बसून फेडतं. गुरुजी फळ्यावर वजाबाकी शिकवत असतात आणि हे डुलक्या घेत असतं.

आणि नुकसान नुसतं वजाबाकीचं नाही. दिवसभर जे शिकलं ते डोक्यात पक्कं बसण्याचं काम झोपेत होतं. शरीर वाढवणारं संप्रेरक गाढ झोपेत जास्त तयार होतं. झोप अपुरी पडली की लेकरू चिडचिड करतं, मारामाऱ्या करतं, वारंवार आजारी पडतं. आपण त्याला हट्टी म्हणतो, गुरुजी त्याला मठ्ठ म्हणतात, आणि त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

एका मुलीची गोष्ट

आपल्याच भागातली एक मुलगी. नाव, गाव सांगत नाही, कारण तिचं आणि तिच्या आईचं नाव चारचौघांत घेण्याची गरज नाही. दुसरीत होती. रोज बारा-साडेबाराला, खिचडी खायच्या आधीच झोपायची. पोरांनी तिचं नाव कुंभकर्ण ठेवलं होतं. नंतर नंतर ती शाळेत जायलाच नको म्हणायला लागली. दुसरीत जे लेकरू शाळा नको म्हणतं, ते पाचवी-सहावीत शाळा सोडतं. मुलगी असेल तर घरच्यांना ते चालतंही. म्हणून ही गोष्ट छोटी नाही.

तिच्या गुरुजींनी एक चांगलं केलं. ओरडले नाहीत. एका वहीत दोन आठवडे लिहून ठेवलं, ती कोणत्या दिवशी झोपली, किती वाजता, सकाळी काय खाऊन आली. मग त्यांनी आईला बोलावलं. आई आपल्या गटातली. ती घाबरून गेली. तिला वाटलं, आता आपल्यालाच बोल लावणार. म्हणून गटातल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या.

नंतर त्या दोघी आणि आई घरी बसल्या आणि पोरीचा अख्खा दिवस मांडला. काय निघालं? गटाला पापडाची ऑर्डर होती. दिवसा आईला शेतात मजुरी, म्हणून पापड रात्री लाटायचे, दहा-साडेदहापर्यंत. तोवर धाकट्या भावाच्या पाळण्याची दोरी कुणाच्या हातात? हिच्या. घर एका खोलीचं. बापाचा मोबाईल मोठ्या आवाजात चालू. पोर झोपणार कधी? अकराला. आणि पहाटे पाचला नळाला पाणी येतं. पाइप धरायला, कळशी सरकवायला पुन्हा हीच. सहा तास झोप. सात वर्षांच्या लेकराला सहा तास!

यात आई वाईट होती का? नाही. बापाने मारहाण केली होती का? तेही नाही. आजी आजारी, पाणी एक दिवसाआड, पापडाच्या पैशातून हप्ता जायचा. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. पण सगळ्या कारणांचा भार येऊन पडला तो घरातल्या सगळ्यात लहान चालत्या-फिरत्या माणसावर.

मला आज हेच सांगायचं आहे. झोप लेकराची असते, पण वेळापत्रक अख्ख्या घराचं असतं. घराचं घड्याळ बदलल्याशिवाय लेकराची झोप वाढत नाही. आणि घराचं घड्याळ एकट्या आईच्या हातात नसतं. म्हणून कृपा करून हे भाषण ऐकून घरी जाऊन सुनेला बोलू नका, की बघ, तुझ्यामुळे पोरगं झोपतं. तेवढ्यासाठी मी इथे उभी नाही.

पुढे काय झालं ते सांगते. गटाने बैठकीत विषय घेतला. पापड रात्री लाटायचे नाहीत, दुपारी बारा ते चार लाटायचे असं ठरलं. मजुरीला जाणाऱ्या दोघींनी आठवड्यातले दिवस वाटून घेतले. सोपं नव्हतं. पहिल्या महिन्यात पापड कमी झाले, पैसे कमी आले, दोन बायांनी नाराजी दाखवली. त्यांचंही चूक नव्हतं. मग आणखी एका सदस्येला कामात घेतलं तेव्हा गाडी रुळावर आली. पहाटेचं पाणी बापाने भरायचं ठरलं. तो पहिले आठ दिवस कुरकुरला, मग भरायला लागला. पोरगी साडेआठला अंथरुणात.

तरी ती अधूनमधून झोपायचीच. तेव्हा शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. तिच्या वयाच्या मुलीला साडेअकराच्या वर पाहिजे. गोळ्या सुरू झाल्या. दोन-अडीच महिन्यांत चेहऱ्यावर तरतरी आली. आता ती तिसरीत आहे. वर्गात पहिली वगैरे आलेली नाही. पण जागी असते, पाढे म्हणते, आणि शाळेत जाते. आपल्याला तेवढं पुरे.

आधी रात्र विचारा

या गोष्टीतून एक क्रम लक्षात ठेवा. लेकरू शाळेत झोपतं असं कळलं की चार गोष्टी या क्रमाने विचारायच्या. आधी रात्र, मग पोट, मग रक्त, मग घोरणं आणि बाकीचे आजार.

रात्र म्हणजे, किती वाजता झोपलं आणि किती वाजता उठलं. आठ दिवस कॅलेंडरवर लिहा. एक साधी ओळख सांगते. रविवारी किंवा सुट्टीत पोटभर झोपलं आणि त्या दिवशी ताजंतवानं असलं, तर रोजची झोप कमी पडते आहे असं समजा. दहा-दहा तास झोपूनही ते पेंगतच असेल, तर कारण दुसरं आहे, ते शोधायला हवं.

रात्र कशाने लांबते? टीव्हीवरच्या मालिका आपण साडेदहापर्यंत बघतो आणि लेकरू मांडीवर. मोबाईल तर आता दोन वर्षांच्या बाळालाही लागतो. मोबाईलचा उजेड डोळ्यांवर पडला की अजून दिवसच आहे असं मेंदूला वाटतं आणि झोप लांबते. झोपायच्या आधी एक तास मोबाईल बंद, आणि तो लेकराच्या उशाशी नको. डासांनी रात्रभर झोपमोड होते, तर मच्छरदाणी लावा. लघवीला रात्री एकटं बाहेर जायची भीती वाटते म्हणून जागी राहणारी लेकरंही असतात, त्यांना विचारा. घरात दारू पिऊन भांडण होत असेल तर लेकरू डोळे मिटून पडलेलं असतं, पण झोपलेलं नसतं. हे शेजारणीला माहीत असतं, गटाला माहीत असतं. त्या घरासाठी काय करता येईल हे बैठकीत बोला.

लग्नसराईत आणि जत्रेत डीजे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवायचा नाही, असा सन २००० पासूनचा नियम आहे. काही ठरावीक सणांना शासन बारापर्यंत सूट देतं, पण रोज कुणालाच नाही. ग्रामसभेत हे बोलायचा आपल्याला हक्क आहे.

आणि आता जरा आपल्याकडे पाहू. आपल्या किती गटांच्या बैठका रात्री साडेआठ-नऊला होतात? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. लेकरं मांडीवर, ओट्यावर, दारात. हप्ते गोळा होईपर्यंत दहा वाजतात, मग गप्पा. महिन्यातून चार बैठका म्हणजे चार रात्री. बैठक दुपारी घेता येत असेल तर घ्या. नसेल जमत, तर साडेसहाला सुरू करून साडेसातला संपवा. नियमित बैठक हे आपलं पहिलं सूत्र आहेच, पण आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे आणि शिक्षणही आहे. ही दोन सूत्रं आपण फक्त रजिस्टरमध्ये लिहून सोडून देतो.

आणखी एक बोलते, थोडं टोचेल. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघं आहेत, त्या घरात पहाटे कोण उठतं? मुलाला आपण म्हणतो, झोपू दे, अभ्यास करून दमलाय. मुलीला म्हणतो, ऊठ, उन्हं वर आली, झाडून घे. तिलाही अभ्यास असतो. तिच्याही हाडांना वाढायचं असतं.

मग पोट

सकाळी लेकरू काय खाऊन जातं? पुष्कळ घरांत चहा आणि खारी, नाहीतर चहा आणि बिस्किट. त्यावर बारा-एकपर्यंत काढायचं. अंगात ताकदच नसेल तर मान टाकणारच. शाळेत पोषण आहार मिळतो, पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, पण तो दुपारी मिळतो. सकाळसाठी रात्रीची भाकरी आणि दूध, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं, जे घरात असेल ते द्या. खर्चाचं काही नाही यात. फक्त चहाच्या जागी हे आलं पाहिजे. चहाने तर अन्नातलं लोह अंगाला लागत नाही, म्हणून जेवणाबरोबर लेकरांना चहा नकोच.

मग रक्त

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या महाराष्ट्रातही चित्र वेगळं नाही. देशातल्या बायांमध्ये दर १०० मागे ५७. म्हणजे आई पांढरी आणि लेकरूही पांढरं. रक्त कमी असलं की दम लागतो, खेळावंसं वाटत नाही, माती किंवा खडू खावासा वाटतो, आणि झोप येते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, तळहात बघा, नखं बघा. फिकी दिसली तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

यासाठी सरकारच्या सोयी आहेत, त्या मागून घ्यायच्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांना लोहाचं पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी. दहा ते एकोणीस वर्षांच्यांना आठवड्यातून एक निळी गोळी. गोळी जेवणानंतर द्यायची. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. रक्त फार कमी निघालं तर डॉक्टर वेगळा डोस देतात, तो त्यांच्याच सल्ल्याने.

पोटात जंत असतील तर तुम्ही दिलेलं निम्मं जंतच खातात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, जंतनाशक दिवस असतो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे एक. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका.

शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, चवळी, नाचणी, बाजरी, गूळ हे आपल्याच शेतातलं आहे. त्यावर लिंबू पिळा, आवळा द्या, लोह नीट अंगाला लागतं. परसबाग केलेल्या गटांनी शेवग्याचं एक झाड शाळेच्या आवारातही लावावं.

विदर्भात, नंदुरबारकडे, पालघरकडे नातेवाईक असणाऱ्या तायांनी एक लक्षात ठेवा. तिकडे सिकलसेलचा आजार आहे. लेकरू सतत थकलेलं, हातपाय दुखतात म्हणतं, डोळे पिवळे दिसतात, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. अशा लेकराला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्यायच्या.

मग घोरणं आणि बाकीचं

मोठी माणसं घोरतात तेव्हा आपण हसतो. पण लहान मूल रोज रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकत असेल, तर त्याच्या नाकामागच्या किंवा घशातल्या गाठी वाढलेल्या असू शकतात. ते दहा तास झोपलं तरी त्याला खरी झोप लागत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. यावर इलाज आहे.

काही लेकरं झोपत नाहीत, पण बोलता बोलता पाच-दहा सेकंद एकटक बघत राहतात, हाक मारली तरी ऐकत नाहीत, मग जणू काही झालंच नाही असं पुढे बोलायला लागतात. दिवसात असं अनेकदा होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो. ती पेंग नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. डॉक्टरांकडे न्या.

लेकरू फार पाणी पितं, सारखं लघवीला जातं, खाऊनही वाळत चाललं आहे आणि मलूल पडतं, तर साखर तपासा. लहान मुलांनाही मधुमेह होतो, आणि उशीर झाला तर जिवावर बेततं.

सर्दी-खोकल्याच्या कितीतरी पातळ औषधांनी गुंगी येते. मागच्या वेळची उरलेली बाटली पुन्हा द्यायची नाही, मेडिकलवाल्याने सांगितलं म्हणूनही द्यायची नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही दोन औषधं एकत्र असलेलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना बाटलीवर छापा, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. बाळ शांत झोपावं म्हणून अफू किंवा जायफळाची मात्रा वाढवणं, हे तर कुणीच करू नका.

हे सगळं तपासायला जिल्ह्याला जायलाच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. ते कधी येणार हे सेविकाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराबरोबर स्वतः थांबा. लेकरू शाळेत झोपतं, रात्री घोरतं, हे तुम्ही सांगितलं तरच डॉक्टरांना कळणार.

वाट बघायची नाही अशी झोप

एक झोप अशी असते की तिथे एक मिनिट घालवायचं नाही. लेकरू डोक्यावर पडलं आणि नंतर गुंगीत जायला लागलं, उलट्या करतं. ताप आहे आणि हलवूनही नीट जागं होत नाही. फवारणीच्या औषधाजवळ खेळलं आणि तोंडाला फेस किंवा अंगाला घाम सुटला. अशा वेळी १०८ ला फोन.

आणि पावसाळ्यात मण्यार. हा साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, खूण कित्येकदा दिसतही नाही. पहाटे लेकरू म्हणतं पोटात दुखतंय, पापण्या आपोआप मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही. आपल्याला वाटतं, अजून झोपेतच आहे. तसं समजून थांबू नका, देवऋषीकडे नेऊ नका. विषावरचं औषध दवाखान्यातच मिळतं. लेकरांना बाजेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

शाळेकडून काय मागायचं

लेकरू वर्गात झोपलंच तर गुरुजींनी काय करावं? अंगणवाडीतल्या लेकराला तासभर झोपू द्यावं. पहिली-दुसरीतल्याला सतरंजीवर वीस-पंचवीस मिनिटं पडू द्यावं, मग तोंड धुवायला लावावं. फार वेळ झोपवलं तर रात्रीची झोप आणखी पुढे जाते. वहीत नोंद करावी आणि पालकांना कळवावं. उभं करणं, मारणं, नाव पाडणं हे कायद्यालाही मान्य नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. तिथे आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत. नुसती सही करून येऊ नका, हा विषय मांडा.

शासनालाही हे पटलं आहे. मुलांची झोप पूर्ण होत नाही, म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने घेतला. पण शाळा उशिरा भरली आणि आपण पहाटे पाचलाच उठवलं, तर त्या निर्णयाचा काय उपयोग?

आपल्यातल्या ज्या घरांतून ऊसतोडीला जातात, त्यांचं मला वेगळं बोलायचं आहे. फडावर पहाटे तीन-चारला उठावं लागतं. कोपीत लेकरू एकटं कसं ठेवणार, म्हणून तेही बरोबर, थंडीत, उसाच्या पाचटावर. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हेच. परत आल्यावर ते लेकरू वर्गात बसलं आणि झोपलं, तर त्यात नवल ते काय? ज्या गावांतून जास्त घरं जातात, तिथे मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते. त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने वेळेवर, म्हणजे माणसं गाव सोडण्याच्या आधी करावी लागते. ग्रामसंघांनी सप्टेंबरच्या बैठकीतच यादी करावी. आणि जे लेकरू आजीजवळ राहिलं, त्याच्याकडे गटातल्या कुणी तरी आठवड्यातून दोनदा डोकवावं.

या महिन्याचं काम

नुसतं ऐकून उठायचं नाही, आपली पद्धत तशी नाही. पुढच्या मासिक सभेपर्यंत प्रत्येक गटाने चार कामं करावी.

एक, आपल्या गटातल्या घरांत दहा वर्षांखालची किती लेकरं आहेत, ती किती वाजता झोपतात आणि उठतात, हे एका पानावर लिहावं. नऊ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांच्या नावापुढे खूण करावी.

दोन, त्या घरी दोघींनी जावं. आईला दोष न देता विचारावं, की ताई, तुझं कोणतं काम कुणी उचललं तर लेकरू साडेआठला झोपेल? पाणी कोण भरेल, बाळाला कोण घेईल, हे तिथेच, घरातल्या पुरुषासमोर ठरवावं.

तीन, गटाची बैठक आणि गटाचं उत्पादनाचं काम रात्री चालत असेल, तर वेळ बदलण्याचा ठराव घ्यावा. कमाई कमी होणार असेल तर तेही लिहावं. प्रभागसंघ त्यावर मार्ग काढेल. लपवू नका.

चार, ज्या लेकरांची झोप पुरेशी आहे तरीही ती पेंगतात, त्यांची यादी आशाताई आणि सेविकाताईंकडे द्यावी.

पुढच्या सभेत मी प्रत्येक गटाच्या अध्यक्षांना हे विचारणार आहे, जशी वसुली विचारते तशी. आज साडेतीन वाजलेत. ज्यांची लेकरं शाळेतून येतील त्यांनी आता निघावं, बाकीचा चहा आपण नंतर घेऊ.